शेर आणि शेरा

श्यामसुंदर कंधारकरांना ऑफिसात सगळे नामंजूरसाहेब म्हणत. पाठीमागे अर्थात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? खाडीकाठची गावं, भातखाचरं आणि मिठागरं यांच्या मधोमध जे नवं शहर उभं राहत होतं, त्याच्या मंडळात जमिनीचे आणि आराखड्याचे सगळे कागद शेवटी त्यांच्या टेबलावर येऊन थांबत. आराखडा मोठा सुबक होता. त्यावर ओरखडा काढू पाहणारा अर्ज आला की साहेबांच्या कपाळावर आठी पडे. कुणाला पिंपळाचा पार वाचवायचा असे, कुणाला रस्त्याच्या कडेला पिठाची गिरणी टाकायची असे. साहेब अर्ज वाचत, चष्मा काढून पुसत, परत लावत आणि सुंदर अक्षरात शेरा मारत: 'पाहिले. आराखड्यात तरतूद नाही. सबब नामंजूर.' खाली सही, सहीखाली हुद्दा.

आता गंमत बघा. याच माणसाचं दुसरं नाव मंजूर होतं.

उर्दू शायर स्वतःसाठी एक टोपणनाव घेतो, त्याला तखल्लुस म्हणतात. श्यामसुंदररावांना ते चुकून मिळालं होतं. नांदेडकडच्या कंधारात, निजामाच्या राजवटीत, त्यांची सगळी शाळा उर्दूतून झाली. तिथे पोरवयात लिहिलेली पहिली गझल त्यांनी भीतभीत मौलवीसाहेबांना दाखवली. मौलवीसाहेबांनी ती वाचली आणि खाली एकच शब्द लिहिला: मंजूर. म्हणजे चालेल, बरी आहे. पोराला वाटलं, गुरूनं नाव बहाल केलं! तो नाचत घरी गेला आणि त्या दिवसापासून आपल्या प्रत्येक शेराखाली 'मंजूर' लिहायला लागला. चूक कळली तेव्हा मिसरूड फुटलं होतं आणि नाव अंगाला चिकटलं होतं.

नोकरीत मात्र हे नाव त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. नवे नवे लागले होते तेव्हा एक खवट कलेक्टर त्यांना म्हणाले होते, "कंधारकर, शायराच्या सहीवर कोण भरवसा ठेवणार?" ते वाक्य त्यांनी असं मनाला लावून घेतलं की विचारू नका. तेव्हापासून ऑफिसात नामंजूर आणि घरात मंजूर असा दुहेरी संसार चालला होता. घरात तरी ऐकणारं कोण? एकट्या वैजयंतीबाई.

वैजयंतीबाई रत्नागिरीच्या. त्यांना उर्दू लिपी वाचता येत नसे, म्हणून नवा शेर झाला की श्यामसुंदरराव तो देवनागरीत लिहीत, खाली 'मंजूर' लिहीत, चिठ्ठीची घडी घालत आणि बायकोच्या चष्म्याच्या घरात ठेवून देत. सकाळी बाई चष्मा काढायला गेल्या की हाताला शेर लागे. लग्नापासूनची ही रीत. बाईंची टीका सडेतोड असे. "तुमच्या या शायरांपैकी एकाची तरी तब्येत धड आहे का हो? एकाचं काळीज फाटलंय, दुसऱ्याचं जिगर जळतंय. डॉक्टरकडे का जात नाहीत?" असं म्हणत, आणि चिठ्ठी मात्र मसाल्याच्या डब्यांमागे जपून ठेवत.

त्र्याऐंशी सालच्या सप्टेंबरात वाशीतल्या रहिवाशांनी मुशायरा ठरवला. दिवाळी झाली की करायचा, नव्या शहरातला पहिला. ही बातमी वैजयंतीबाईंनी आणली आणि त्या हट्टालाच पेटल्या.

"तुम्ही वाचायचं. चार माणसांत उभं राहून वाचायचं."

"भलतंच काय! ऑफिसातले लोक येतील."

"येऊ देत की. मी एकटीनं किती वर्षं वाहवा करायची? घसा दुखला माझा."

"बघतो," श्यामसुंदरराव म्हणाले.

सरकारी माणूस 'बघतो' म्हणाला की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे वैजयंतीबाईंना चांगलं ठाऊक होतं. "बघतो-बिघतो नको. मला लेखी उत्तर पाहिजे. चष्म्याच्या घरात," त्यांनी बजावलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळवलीच्या केशरबाई साहेबांच्या खोलीत घुसल्या. शिपाई अडवायला गेला, तर मासळीच्या रिकाम्या टोपलीचा धक्का खाऊन बाजूला झाला. भानगड अशी होती, की गाव आणि खाडी यांच्या मधून मंडळाची लांबच लांब भिंत जायची होती. होड्या भिंतीच्या पलीकडे, घरं अलीकडे. फाटक होतं, पण ते पार टोकाला. केशरबाईंचा अर्ज साहेबांपुढे उघडाच होता.

"साएब, तुजी भित बांद, नको कोन म्हनतंय?" केशरबाईंनी सुरुवात केली. कलेक्टरालाही त्या 'तू'च म्हणाल्या असत्या. "पन होरी पलीकरं आन आमी अलीकरं. फाटकावरना फिरून येस्तवर मासली नासून जाते. मंग ती काय तुज्या घरी पाठवू?"

"बाई, आराखड्यात तरतूद नाही."

"आराखरा कोनी केला?"

"आम्हीच केला."

"मंग?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. केशरबाईंनी टोपली उचलली. दारात पोचल्यावर त्या वळून म्हणाल्या, "आख्खा शहर बांद रं बाबा, लाख घरा बांद! पन दर्याकरं यवरीशी फट तरी र्‍हाऊ दे."

त्या गेल्या आणि श्यामसुंदररावांना झिणझिण्या आल्या. शेर येताना त्यांना नेहमीच तसं होई. बोटं टेबलावर ठेका धरायची, ओठ पुटपुटायला लागायचे, समोर मंत्री उभा असता तरी दिसला नसता. केशरबाईंचं बोलणं कानात घुमत घुमत उर्दूत शिरलं, आणि उतरलं ते असं:

शहर तुम लाख बसाओ, ये शरफ रहने दो
एक खिडकी तो समंदर की तरफ रहने दो

शरफ म्हणजे मान, इज्जत. खुशाल वसवा तुमची शहरं, पण एवढा मान राखा. एक खिडकी तेवढी समुद्राकडे राहू द्या. केशरबाईंची फट शेरात येता येता खिडकी झाली होती. शायरीत फट काही बरी दिसत नाही.

श्यामसुंदरराव खुर्चीतल्या खुर्चीत डोलत होते. टेबलावर दोन कागद होते, एकाच जातीचे, फिकट हिरवे. एक केशरबाईंच्या फायलीतला टिपणीचा, दुसरा चिठ्ठीसाठी काढून ठेवलेला. साहेबांनी एकावर शेर लिहिला, खाली 'मंजूर' लिहिलं. दुसऱ्यावर सवयीनं हात फिरला: पाहिले, आराखड्यात तरतूद नाही, सबब नामंजूर, सही, हुद्दा. मग फाईल बांधून खाली पाठवली, चिठ्ठीची घडी खिशात घातली आणि शीळ घालत जिन्यानं उतरले. शेर फायलीत गेला होता आणि शेरा खिशात.

घरी आल्यावर त्यांनी घडी न उलगडता चष्म्याच्या घरात ठेवली. मुशायऱ्याचं उत्तर द्यायचं होतं, हे ते साफ विसरले होते.

सकाळी वैजयंतीबाईंनी चिठ्ठी उघडली. वाचली. चष्मा पुसून परत वाचली. मुशायऱ्यात वाचायला नाही म्हणाले असते तर त्यांना एवढं लागलं नसतं. पण 'आराखड्यात तरतूद नाही'? आणि खाली सही, हुद्द्यासकट? लग्नाच्या बायकोला? बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशी जेवताना श्यामसुंदररावांनी आणखी एक पोळी मागितली.

"तरतूद नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या.

श्यामसुंदरराव खो खो हसले. त्यांना वाटलं, बाई नक्कल करतायत. दुसऱ्या दिवशी चहा मागितला, तर "लेखी अर्ज करा" असं उत्तर आलं. त्यांनी हौसेनं अर्ज लिहिला. अर्जावर 'पाहिले' असा शेरा पडून तो परत आला आणि चहा आलाच नाही. रविवारी सिनेमाला जाऊ म्हणाले, तर "सबब नामंजूर." श्यामसुंदरराव तर खूशच झाले! काय विनोदी बाई आहे, म्हणाले. शेराबद्दल ती काहीच कशी बोलली नाही, असं मनात यायचं. पण एवढा चांगला शेर ऐकून तिची वाचा बसली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. शायर मंडळी या बाबतीत स्वतःवर फार उदार असतात.

इकडे फाईल कनिष्ठ अभियंता बंडू साळगावकरच्या हातात पडली होती. बंडू नवा होता, उत्साही होता आणि वरून आलेल्या कागदातला कानामात्रा न बदलता काम करण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्यानं कागद वाचला आणि तोंडात बोट घातलं. नामंजूरसाहेबांच्या अक्षरात 'मंजूर'! हे ऑफिसात कुणी कधी पाहिलंच नव्हतं. लोक टेबल सोडून बघायला आले. सही का नाही, हे त्या धांदलीत कुणाला सुचलंच नाही.

"पण हे हिंदीत का लिहिलंय?" कुणीतरी विचारलं.

"हिंदी पंधरवडा चालू आहे ना," बंडू म्हणाला. "दिल्लीची टीम येणार आहे इन्स्पेक्शनला. साहेब बरोबर टायमिंग साधतात."

मग सगळ्यांनी मिळून आदेशाचा अर्थ लावला. 'लाख' म्हणजे अंदाजपत्रक लाखात जाणार, असं हिशेबवाल्यांचं मत पडलं. 'शरफ'वर बराच खल झाला. एकाला तो सिमेंटचा नवा प्रकार वाटला. शेवटी तो 'साफ' असावा, लिहिताना हात घसरला असेल, असं ठरलं आणि बंडूनं भिंतीच्या जागेवरचा कचरा झाडून पुसून साफ करून घेतला. दुसऱ्या ओळीत मात्र शंकेला जागाच नव्हती. एक. खिडकी. समंदर की तरफ. बंडूनं कंत्राटदाराला बोलावलं आणि सांगितलं, भिंतीत खिडकी ठेवायची. एकच. खाडीच्या बाजूला उघडणारी.

"भिंतीला खिडकी?" कंत्राटदार म्हणाला. "बाजूला घर कुठाय?"

"तुमाला काय करायचंय? साहेबांचं मंजूर आहे."

दिवाळीआधीच भिंत झाली. निरीक्षणाला रविवार ठरला. मंडळाचे मोठे साहेब जयप्रकाश हरदास, दिल्लीची मंडळी, अधिकारी आणि त्यांच्या बायका. भिंत बघायची आणि मग खाडीकाठी चहा घ्यायचा, असा बेत होता. वैजयंतीबाई "मला तरतूद नाही" म्हणत होत्या, पण मोठ्या साहेबांच्या बायकोनं फोन केला म्हणून आल्या. जीपमध्ये तोंड फिरवून बसल्या.

जीप थांबल्या. समोर पांढरीशुभ्र भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि भिंतीच्या ऐन मधोमध एक खिडकी. हिरव्या रंगाची, दोन झडपांची, वर पावसासाठी छज्जा, खाली नक्षीची पट्टी. अलीकडून एक स्टूल लावलेलं. एक बाई स्टुलावर चढून, लुगडं सावरत, खिडकीतून पाय पलीकडे टाकत होती. पलीकडून केशरबाई मासळीच्या टोपल्या आत सरकवत होत्या. "हल्लू गं सखू, पापलेटावर नको बसूस!"

हरदाससाहेब बघतच राहिले. दिल्लीच्या माणसानं कॅमेरा काढला.

"ही काय भानगड आहे?" हरदाससाहेबांनी विचारलं.

बंडू छाती पुढे काढून आला. "सर, आदेशाप्रमाणे! गज लावायचे होते, पण आदेशात गजांचा उल्लेख नाही." त्यानं काखेतली फाईल उघडली आणि शाळेत परिपाठ म्हणावा तशा खणखणीत आवाजात वाचलं, "शहर तुम लाख बसाओ, ये शरफ रहने दो. एक खिडकी तो समंदर की तरफ रहने दो. मंजूर."

श्यामसुंदररावांच्या तोंडचं पाणी पळालं. आपला शेर! आपला शेर भरदुपारी, भर ऑफिसपुढे, आणि तोही असा सपाट! मग दुसरी कळ आली. शेर जर तिथे असेल, तर मग... त्यांनी हळूच मान वळवली. वैजयंतीबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. बाईंचे ओठ आधी घट्ट मिटलेले होते, मग थरथरले, मग त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू दाबायचा इतका प्रयत्न चालला होता की खांदे हलत होते.

"म्हणजे ते माझ्यासाठी नव्हतं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कुठलं?"

"तरतूद नाही."

"हाय अल्ला!" श्यामसुंदरराव म्हणाले. ते अगदी घाबरले की कंधारचे होत.

हरदाससाहेब फायलीत डोकं खुपसून उभे होते. "हा मंजूर कोण?"

"मंजूर म्हणजे... मंजूर, सर," बंडू म्हणाला.

"सही कुठाय? हुद्दा कुठाय? कुणाचा तरी चावटपणा आहे हा. साळगावकर, आजच्या आज खिडकी बुजवून घ्या. आणि उद्या सकाळी मला तुमचा लेखी खुलासा पाहिजे. सही नसलेल्या कागदावर भिंती फोडता?"

बंडूचा चेहरा पडला. भिंतीपलीकडे केशरबाईंना 'बुजवून' एवढा शब्द कळला होता. त्यांनी टोपली चौकटीत ठेवली आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. ती घट्ट आवळलेली बोटं पाहून श्यामसुंदररावांना फार वाईट वाटलं.

आता गप्प बसायचं म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. खिडकी बुजली असती. बंडूला मेमो मिळाला असता. आराखडा परत सुबक झाला असता. मंजूर कोण, हे कुणाला कधी कळलं नसतं. श्यामसुंदररावांनी चष्मा काढला. पण तो त्यांनी पुसला नाही, तसाच हातात धरला.

"मंजूर मी आहे," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"मंजूर. तो मी. शेर माझा आहे. या पोराची काही चूक नाही."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि बांध फुटला. अधिकारी हसले, त्यांच्या बायका हसल्या, ड्रायव्हर हसले. नामंजूरसाहेब म्हणजे मंजूर! दिल्लीच्या माणसाला भाषांतर करून सांगितल्यावर तो उशिरा आणि एकटाच हसला. श्यामसुंदररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मभर ज्या हसण्याला ते भ्याले होते ते हेच. पण आश्चर्य म्हणजे ते ऐकून ते मेले नाहीत. उलट त्यांनाच हसू यायला लागलं.

"अहो कंधारकर, पण मग तुमचा खरा शेरा काय होता?" हरदाससाहेब डोळे पुसत म्हणाले.

"नामंजूर. तो मी बायकोला दिला."

"बायकोला?"

"महिनाभर पोळी मिळाली नाही मला, सर."

यावर वैजयंतीबाईंना पदराचाही आधार पुरेना. त्या जीपला धरून हसायला लागल्या, हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. हरदाससाहेबांनी मात्र हसू आवरलं. ते वाईट माणूस नव्हते, पण मोठे साहेब होते. "गंमत पुरे. उद्या मला फायलीवर काहीतरी एक ठेवावं लागेल. शेर ठेवायचा की शेरा? तुमचं खातं, तुम्ही सांगा. आणि जे सांगाल त्याची जबाबदारी तुमची."

श्यामसुंदररावांनी खिडकीकडे पाहिलं. पलीकडे ओहोटीचा चिखल चमकत होता. होड्या कलंडून पडल्या होत्या. आराखड्यावर तिथे नुसता निळा रंग होता. तो निळा रंग त्यांनी स्वतः पसंत केला होता. तिथे चिखल असतो आणि चिखलात केशरबाई असतात, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"शेर," ते म्हणाले.

बंडूनं टाळीच वाजवली. केशरबाईंचे हात चौकटीवरून सुटले. पण त्या लगेच खिडकीतून कंबरेपर्यंत आत आल्या आणि म्हणाल्या, "साएब, येक इचारू? खिरकी कित्याला लिवलीस रं? दरवाजा लिवायचा ना! म्हाताऱ्या बायका आमी, पाय मोरतील की चरून चरून."

"बाई," श्यामसुंदरराव कळवळून म्हणाले, "दरवाजा बसत नाही."

"बसतो, सर!" बंडूनं खिशातून टेप काढून भिंतीला लावलीसुद्धा. "आरामात बसतो. टेन्शनच नाही."

"तिथे नाही रे. शेरात बसत नाही. त्याला वजन असतं, माप असतं. एक शब्द जास्त झाला की ओळ लंगडते."

"खिरकी बसते आन दरवाजा नाय बसत?" केशरबाईंना हे मुळीच पटलं नाही. "कसला रं तुजा शेर? आमच्या घराला खिरकी नाय, पन दरवाजा हाय."

श्यामसुंदरराव बोटं मोजायला लागले. एक खिडकी तो, एक खिडकी तो. मोठे साहेब, दिल्लीची मंडळी, चहाचा थर्मास घेऊन उभा असलेला शिपाई, सगळे त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. ते अंगठा पेरांवर टेकवत, मान हलवत, परत पहिल्यापासून मोजत. दरवाजा आला की हात अडायचा. त्यांचा चेहरा रडवेला झाला. दार द्यायची इच्छा होती, अधिकार होता, भिंतीत जागा होती, आणि शब्द मावत नव्हता!

"अहो," वैजयंतीबाई पुढे झाल्या. "तो 'तो' कशाला हवाय मध्ये?"

"कुठला तो?"

"'खिडकी तो'मधला तो. नुसता उभा आहे तिथे. काम काही करत नाही. काढा की त्याला."

श्यामसुंदररावांचा अंगठा पेरावर थांबला. ओठ हलले. एक दरवाजा समंदर की तरफ रहने दो. पुन्हा म्हणून पाहिलं. ओळ जराही लंगडली नाही, उलट ताठ चालायला लागली. खिडकी आणि तो मिळून जेवढी जागा अडवत होते, नेमक्या तेवढ्यात दरवाजा बसत होता. "वैजू!" ते ओरडले. बायकोला या नावानं ते चार माणसांत कधी हाक मारत नसत. "वैजू, बसला! दरवाजा बसला!" आणि त्यांनी चक्क दिल्लीच्या माणसाला मिठी मारली, कारण तोच जवळ उभा होता.

"मग लिहून द्या," हरदाससाहेब म्हणाले. "आणि या वेळी सही करा."

टेबल नव्हतं. बंडू वाकला. त्याच्या पाठीवर फाईल ठेवून श्यामसुंदररावांनी शेर लिहिला, दरवाज्यासकट. खाली लिहिलं, मंजूर. त्याच्याखाली पूर्ण नाव, श्यामसुंदर कंधारकर, आणि हुद्दा. दोन्ही नावं एका कागदावर बघून त्यांना कसंसंच झालं. दोन भाऊ पुष्कळ वर्षांनी एका ताटात जेवायला बसावेत तसं.

"काय लिवलंस ते बोल ना मोठ्यान," खिडकीतून केशरबाई म्हणाल्या. "आमाला वाचाला येत नाय."

श्यामसुंदररावांनी सभोवार पाहिलं. सगळं ऑफिस उभं होतं. वैजयंतीबाईंनी त्यांच्या हातातला चष्मा घेतला, पदरानं पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला. मग ते वाचायला लागले. पहिली ओळ कुजबुजल्यासारखीच गेली. दुसरी ओळ मात्र जरा मोकळी निघाली.

वाहवा कुणी केली नाही. ती करायची कशी हे तिथे एकट्या वैजयंतीबाईंनाच माहीत होतं, आणि त्या पदरानं डोळे टिपत होत्या. पलीकडे चिखलात उभ्या असलेल्या बायकांत काहीतरी कुजबुज झाली. केशरबाईंनी मागे वळून ऐकलं आणि पुन्हा खिडकीत आल्या.

"परत बोल रं," त्या म्हणाल्या. "सखूला ऐकाला नाय आला."

श्यामसुंदरराव स्टुलावर चढले, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खाडीकडे तोंड करून, होता नव्हता तेवढ्या आवाजात, त्यांनी शेर पुन्हा म्हटला.